बुडबुड्यांचे घरटे

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या संथ पाण्यातला ड्वार्फ गोरामी घरच्या टाकीत जोडीने ठेवायचा, तर आधी नर-मादी ओळखता यायला हवी. नर लाल-निळ्या पट्ट्यांचा, पाठीवरचा पर टोकदार. मादी फिकट रुपेरी, पर गोलसर. रंगाला भुलून दोन्ही भडक मासे आणले, तर ते दोन नर असतात आणि मग मारामारी! नर लाळेचे बुडबुडे आणि पाणवनस्पतींचे तुकडे जोडून पाण्यावर घरटे बांधतो. फिल्टरचा झोत जोरात असेल तर ते टिकत नाही. अंडी घातल्यावर मात्र मादीला लगेच वेगळे काढावे. राखणीला बसलेला नर तिच्यावर तुटून पडतो. छोट्या टाकीत पळायला जागा नसल्याने ती मरूही शकते. पिल्ले मोकळी पोहू लागली की नरालाही हलवावे, नाहीतर तोच त्यांना खातो.