काइटबोर्डिंग शिकायचं? पहिला पतंग लहान घ्या, तीन दोऱ्यांचाच घ्या

पोस्ट थोडी लांब आहे, पण घरात सोळा ते पंचवीस वयाचं पोरगं-पोरगी असेल तर शेवटपर्यंत वाचा आणि त्यांनाही वाचायला द्या.

आपल्या भागातली काही पोरं कामासाठी गोव्याला जाऊन येतात. तिकडे मोरजी, आश्वे, मांद्रेच्या किनाऱ्यावर मोठ्या पतंगाला धरून, पायाखाली फळी घेऊन पाण्यावरून पळणारी माणसं ते पाहतात. त्यालाच काइटबोर्डिंग म्हणतात. खेळ खोटा नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो पहिल्यांदा होता आणि शर्यती मार्सेच्या समुद्रात झाल्या. आता पोरं विचारून राहिली की आपल्या धरणावर हे शिकता येईल का. एका घरी तर जुना नऊ मीटरचा पतंग स्वस्तात मिळतोय, घेऊ का, असा प्रश्न आला.

आमचं उत्तर आधीच सांगतो, कारणं मग. नऊ मीटरचा पतंग घेऊ नका, फुकट मिळाला तरी नको. सुरुवात शिकाऊ पतंगाने, म्हणजे ट्रेनर काइटने करा. तोही जमिनीवर. पाण्यावर नाही.

*मोठा पतंग का नको*

"नऊ मीटर" म्हणजे लांबी नाही, नऊ चौरस मीटर कापड. तेवढा पतंग चांगल्या वाऱ्यात मोठ्या माणसाला फळीसकट पाण्यावरून ओढून नेतो. नवख्याच्या हातात तो जमिनीवर आला तर माणूस फरफटत जातो, नाहीतर उचलून आपटला जातो.

इथे एक हिशेब डोक्यात पक्का ठेवा. वारा दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी 12 किलोमीटरचा वारा 24 झाला की त्याच पतंगाची ओढ चारपट. तिप्पट झाला तर नऊपट. शिडाच्या होडीवर काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पतंगाचं तर आणखी एक आहे. तो एका जागी उभा राहत नाही, आकाशात आडवा पळतो, आणि त्या पळण्याचा वेग वाऱ्यात मिळतो. म्हणून स्थिर असताना हाताला हलका वाटणारा पतंग खाली झेप घेताना एकदम हिसका देतो.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. समोर आकाशात घड्याळाचा वरचा अर्धा भाग आहे असं समजा. डोक्यावर बारा, डावीकडे नऊ, उजवीकडे तीन. पतंग बाराला असतो तेव्हा ओढ कमी. काठाकाठाने नऊ किंवा तीनला नेला तरी कमीच. पण अगदी समोर, घड्याळाच्या मधोमध आला की सगळ्यात जास्त. शिकणं म्हणजे मुख्यतः हेच: पतंग कुठे आहे आणि आता ओढ किती येणार, हे हाताला कळणं. हे लहान पतंगावर शिकता येतं. मोठा पतंग चूक करायला दुसरी संधी देत नाही.

*किती मोठा घ्यायचा*

साठ-सत्तर किलोच्या माणसाला दोन ते अडीच चौरस मीटर पुरे. बारा-चौदा वर्षांच्या पोराला दीड चौरस मीटरच्या आसपास, आणि मोठा माणूस शेजारी हवाच. तीन चौरस मीटरचा पतंग मंद वाऱ्यात आणि थोडा हात बसल्यावर. आपल्याकडे वारा एकसारखा नसतो, म्हणून दोन मापांत अडकलात तर लहान माप घ्या.

घेताना एक फसगत होते. काही कंपन्या पतंगावर क्षेत्रफळ लिहितात, काही पंखांची लांबी. एखाद्यावर "250" असेल तर बहुतेक वेळा ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी असते, सेंटीमीटरमध्ये. त्याचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरपेक्षा बरंच कमी भरतं. त्यामुळे दोन पतंगांची किंमत जुळवून बघताना आधी विचारा: हा आकडा लांबीचा की क्षेत्रफळाचा?

*कापडी की हवा भरायचा*

मोठ्या खेळाडूंचा पतंग बहुतेक वेळा हवा भरायचा असतो. पुढच्या काठाला नळी, तीत पंपाने हवा. फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी 1984 साली याचं पेटंट मागितलं. हेतू हा, की पतंग पाण्यात पडला तर तरंगावा आणि पाण्यावरूनच परत उठावा.

दुसरा प्रकार नुसत्या कापडाचा. पुढे तोंडं उघडी असतात, वारा आत शिरतो आणि कापड फुगून पंखासारखं होतं. अमेरिकेतल्या डोमिना जाल्बर्ट यांनी 1964 च्या सुमारास ही रचना केली. आजचे चौकोनी पॅराशूट त्याच घराण्यातले. शिकाऊ पतंग बहुतेक याच जातीचे असतात. काडी नाही, पंप नाही, घडी करून पिशवीत बसतो, आपटला तरी सहसा मोडत नाही. जमिनीवर शिकायला हाच घ्या.

पण हा पाण्यात पडला की उघड्या तोंडांतून पाणी भरतं आणि तो पाण्याने भरलेल्या जाळ्यासारखा जड होतो. परत उठत नाही. म्हणून तळ्याच्या कडेला उडवायचा असेल तर वारा पाण्याकडून जमिनीकडे येणारा पाहिजे. पाण्याकडे जाणारा नको.

*दोन दोऱ्या की तीन*

या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

दोन दोऱ्यांचा पतंग स्वस्त असतो. डावी ओढली की डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे. काहींना नुसते हाताचे पट्टे असतात. तीन दोऱ्यांच्या पतंगाला धरायला आडवा दांडा असतो, आणि तिसरी दोरी पतंगाच्या मागच्या काठाला जाऊन आपल्या मनगटाच्या पट्ट्याला जोडलेली असते. दांडा सोडला की दोन्ही मुख्य दोऱ्या ढिल्या पडतात, भार तिसऱ्या दोरीवर जातो, पतंग मागून ओढला जातो आणि त्यातला वारा निघून तो खाली बसतो. पतंग उडून जात नाही आणि माणूसही ओढला जात नाही. पडलेला पतंग उलटा उचलून परत उडवायलाही हीच दोरी कामी येते.

आता आपल्या लोकांसाठी हे जास्त महत्त्वाचं का? कारण आपला हात दोरी सोडायला शिकलेलाच नाही. जाळ्याची दोरी हातातून सुटली म्हणजे मासा गेला, जाळं गेलं. नावेची दोरी सुटली म्हणजे नाव गेली. लहानपणापासून एकच ऐकलं: धरून ठेव, सोडू नको. पतंगाचं बरोबर उलटं आहे. हिसका बसला, पाय उचलले गेले, काही सुचेना, तर सोडा. भीतीने माणूस जितका घट्ट धरतो तितकी ओढ टिकते. आपल्या पोराच्या हातात ताकद भरपूर असते, आणि इथे तीच ताकद त्याला घात करू शकते.

म्हणून पहिल्या दिवशी पतंग उडवायला नाही, सोडायला शिकवा. हलक्या वाऱ्यात पतंग वर न्या, बाजूच्या माणसाने "सोड" म्हणताच दांडा सोडायचा. असं वीस वेळा करा. हात आपोआप उघडायला लागला की पुढचं शिका. ज्या पतंगाला असा सोडायचा उपाय नाही, तो कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

*दोरी: जाळ्याचा धागा चालणार नाही*

या पतंगाची दोरी डायनिमा किंवा स्पेक्ट्रा नावाच्या धाग्याची असते. गळाची विणीव दोरी वापरणाऱ्यांना हा धागा माहीत आहे. बारीक पण फार मजबूत, आणि ताणत नाही. एक दोरी तुटली म्हणून घरातला नायलॉनचा धागा जोडायचा मोह होईल. जोडू नका. नायलॉन ताणतो; एक दोरी ताणणारी आणि एक न ताणणारी झाली की पतंग एका बाजूला गोल फिरत खाली येतो. मध्ये गाठ मारली तर या धाग्याची ताकद बरीच कमी होते आणि दोन दोऱ्यांची लांबीही वेगळी होते. दोऱ्या बदलायच्या तर पूर्ण जोडीच बदला.

ही दोरी ताणात असताना चाकूसारखी कापते. उडत्या पतंगाची दोरी हाताने पकडायची नाही, बोटाला गुंडाळायची नाही. लहान मुलं आणि जनावरं पतंगाच्या खालच्या बाजूला नकोत. आणि संक्रांतीचा मांजा तर अजिबात नाही. नायलॉनच्या आणि काच लावलेल्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच देशभर बंदी घातली आहे.

*आपल्याकडचा वारा आणि जागा*

गोव्यात हिवाळा-उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून एकसारखा वारा येतो, म्हणून तिथे हा खेळ जमला. आपल्याकडे समुद्र नाही. डोंगर, झाडं, पाळ यांना अडून वारा तुटक येतो, कधी मंद, कधी झटका. हवामानाच्या ॲपमध्ये वाऱ्याचा वेग आणि झटक्याचा वेग असे दोन आकडे दिसतात. दोन्ही बघा. वारा 15 आणि झटका 30 असेल तर तो दिवस शिकण्याचा नाही.

ॲप नसेल तर डोळ्याने ओळखा:
– पानं आणि बारीक डहाळ्या सारख्या हलतात, हलका झेंडा पसरलेला राहतो: ताशी 12 ते 19 किलोमीटर. शिकायला उत्तम.
– धूळ आणि कागद उडतात, लहान फांद्या हलतात: 20 ते 28. हात बसलेल्यालाच.
– लहान झाडं डोलायला लागली: 29 च्या वर. पतंग पिशवीत.
– ढग गडगडला, वीज दिसली: लगेच खाली घ्या, दांडा ठेवा, घरी जा. एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी वादळ किती पटकन येतं ते आपल्याला माहीत आहे.

जागा मोकळी पाहिजे. दोरी वीस मीटर असेल तर ज्या दिशेला पतंग उडणार तिकडे निदान साठ मीटर काही नको. सगळ्यात आधी विजेच्या तारा बघा. तळ्याच्या काठाने शेतीच्या मोटारींसाठी तारा गेलेल्या असतात. ओली दोरी तारेला लागली तर जीव जातो. तार दिसते तिथे उडवायचाच नाही, "लांब आहे" म्हणूनही नाही. पाळेवर उभं राहून उडवू नका. तिथे वारा उसळतो आणि पाय घसरायला दोन्हीकडे उतार असतो. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मोकळी झालेली सुकी, टणक जमीन किंवा पीक निघालेलं मोठं वावर चांगलं. कुमरम भीम प्रकल्पासारख्या धरणाच्या जागेत जायचं तर पाटबंधारे खात्याची परवानगी आधी घ्या.

*नावमालकांसाठी*

काही जण विचारतील, पतंग नावेला बांधला तर? कल्पना नवी नाही. 2008 साली "बेलुगा स्कायसेल्स" हे मालवाहू जहाज 160 चौरस मीटरचा पतंग लावून जर्मनीहून व्हेनेझुएलाला गेलं होतं. पण ते जहाज आहे. आपली लहान नाव किंवा थर्माकोलचा तराफा बाजूच्या एका हिसक्याने उलटतो. नावेवर, तराफ्यावर पतंग नको. जाळी टाकलेल्या पाण्यावर किंवा बोटुकली सोडलेल्या भागाजवळही नको. दोरी आणि जाळं एकमेकांत अडकलं तर दोन्हीचं नुकसान, आणि सोडवायला पाण्यात उतरणाऱ्याला धोका वेगळाच.

*जुना पतंग घेताना*

बाहेरच्या देशांत नवा शिकाऊ पतंग साधारण शंभर ते अडीचशे डॉलरला मिळतो. आपल्यापर्यंत येताना आयात कर आणि वाहतूक वाढते. म्हणून जुना घेण्यात गैर नाही. पण पैसे देण्याआधी हे करा:
– कापड उन्हाकडे धरून बघा. बारीक भोकं, विरलेली जागा दिसते.
– दोन बोटांनी कापड ताणा. उन्हाने जळलेलं कापड कागदासारखं फाटतं.
– सगळ्या दोऱ्या एका खुंट्याला अडकवून ओढा. दोन मुख्य दोऱ्या अगदी सारख्या लांबीच्या पाहिजेत.
– मनगटाचा पट्टा आणि तिसरी दोरी जागेवर आहे का? नसेल तर सौदा नको.
– विकणाऱ्याला तुमच्यासमोर उडवून, दांडा सोडून दाखवायला सांगा.

*पुढे काय*

पतंग बाराला शांत धरता येतो, एका हाताने चालवता येतो, आठ काढता येतो, त्याच्याकडे न बघता चालता येतं आणि सांगितल्याबरोबर सोडता येतो, एवढं झालं की शिकाऊ पतंगाचं काम झालं. त्यानंतरचा मोठा पतंग, फळी आणि पाणी हे शिकवणाऱ्याच्या हाताखालीच. गोव्यात त्या किनाऱ्यांवर हंगामात शिकवणारे असतात. तामिळनाडूत रामेश्वरमकडेही हा खेळ चालतो. मोबाइलवर बघून धरणात उतरायचं नाही.

आपली पोरं पाण्याला भीत नाहीत, वारा ओळखतात. शहरातल्या पोराला जे शिकायला वेळ लागेल त्यातलं अर्धं यांना घरातूनच येतं. उरलेलं अर्धं म्हणजे वेळेवर हात सोडणं, ते मात्र लहान पतंगावर शिकावं लागेल.

घ्यायच्या आधी एकदा संस्थेच्या कार्यालयात येऊन विचारा. पतंग आणलात तर दोऱ्या आम्ही मिळून मोजू.