विश्लेषण : नाल्यात उतरलेले कीटकनाशक किती दिवस टिकते?

नांदगाव खंडेश्वर तालुक्यात कपाशी, सोयाबीनवरील फवारण्या ऐन पावसाळ्यात होतात. फवारणीनंतर जोराचा पाऊस आला, की औषधाचा काही भाग वाहून नाल्यात, शेततळ्यात उतरतो. तेथे तो किती दिवस टिकणार, हे पाण्याच्या सामूवरही ठरते.

सामूचा संबंध काय?
सामू ७ म्हणजे उदासीन पाणी. त्याखाली आम्लधर्मी, त्यावर विम्लधर्मी. विम्लधर्मी पाण्यात ऑर्गनोफॉस्फेट गटातील अनेक औषधांचे रेणू लवकर तुटतात. प्रयोगशाळेत मॅलाथिऑनचे प्रमाण निम्म्यावर यायला सामू ५ असताना सुमारे १०७ दिवस लागतात. ७ असताना सुमारे ६ दिवस, तर ९ असताना अवघे १२ तास.

मग विम्लधर्मी पाणी सुरक्षित?
नाही. इमिडाक्लोप्रिडवर सामूचा फारसा परिणाम होत नाही. ते पाण्यातील किड्यांना मारते आणि माशांचे खाद्य घटते. ट्रायक्लोरफॉनचे तर विम्लधर्मी पाण्यात डायक्लोरव्हॉस बनते, जे मूळ औषधापेक्षा अधिक विषारी आहे. भारतात या दोन्हींवर २०२० अखेरपासून बंदी आहे.

शेतकऱ्यांनी काय करावे?
वऱ्हाडातील काळ्या जमिनीत विहिरींचे पाणी बहुधा विम्लधर्मी असते. त्यात कालवलेले औषध तासन्‌तास ठेवले, तर फवारणीआधीच कमजोर पडू शकते. गुण आला नाही म्हणून मात्रा वाढवली जाते आणि नाल्यात जाणारे विषही वाढते. त्यामुळे पाण्याचा सामू तपासावा, द्रावण लगेच वापरावे, पावसाचा अंदाज पाहूनच फवारणी करावी आणि पंप नाल्यात धुऊ नये.