होमोसिस्टीन : आकडा आणि उणीव

रक्ततपासणीच्या कागदावर हल्ली 'होमोसिस्टीन' हे नाव दिसू लागले आहे. आकडा वाढला की घरात काळजी शिरते. ही काळजी कितपत रास्त आहे, एवढाच प्रश्न आम्ही आज घेतला आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. पण समजून घेण्याचा हक्क सर्वांचाच आहे.

आपल्या अन्नातील प्रथिनांत मेथिओनीन नावाचा घटक असतो. शरीर तो वापरते तेव्हा मधल्या पायरीवर होमोसिस्टीन तयार होते. गिरणीच्या दोन खात्यांमध्ये पडलेला अर्धवट माल म्हणा ना! फोलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व यांच्या साह्याने त्याचे पुन्हा मेथिओनीन होते. ब-६ च्या साह्याने ते दुसऱ्या वाटेने पुढे जाते. हात कमी पडले की माल तुंबतो. मूत्रपिंडे कमजोर झाली तरीही तो तुंबतो. रक्ताच्या एका लिटरमागे १५ मायक्रोमोलपर्यंतचे प्रमाण सर्वसाधारण मानतात.

१९६९ साली अमेरिकेत डॉ. किल्मर मॅककली यांनी दोन मुलांच्या शवचिकित्सेची तुलना केली. दोघांचे जन्मजात दोष निराळे. पण होमोसिस्टीन दोघांचेही वाढलेले आणि रक्तवाहिन्याही दोघांच्या बिघडलेल्या. पुढे पुष्कळ पाहण्यांत वाढलेला आकडा आणि हृदयविकार, पक्षाघात यांची सोबत आढळली. मग गोळ्या देऊन आकडा उतरवला की काम झाले, असे वाटणे साहजिक होते. परंतु २००६ साली दोन मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. नॉर्वेत ३,७४९ रुग्ण होते, दुसऱ्या प्रयोगात ५,५२२. आकडा उतरला, हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. पक्षाघाताची गोष्ट थोडी वेगळी. चीनमध्ये २०,७०२ रक्तदाबाच्या रुग्णांवर झालेल्या प्रयोगात, नेहमीच्या औषधाला फोलिक आम्लाची जोड दिल्यावर पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण शेकडा ३.४ वरून २.७ वर आले. हे २०१५ साली प्रसिद्ध झाले.

मग आकडा निरुपयोगी का? मुळीच नाही. पुण्याच्या संशोधकांनी खेडे, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ पुरुषांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध केली. शेकडा ६७ जणांत ब-१२ कमी आणि शेकडा ५८ जणांत होमोसिस्टीन जास्त! मध्यमवर्गात तर ब-१२ ची उणीव शेकडा ८१ जणांत होती. ब-१२ दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतून मिळते, भाजीपाल्यातून नव्हे. ते फार कमी पडले तर पंडुरोग होतो, हातापायांना मुंग्या येतात, स्मरणशक्ती ढळते. अशा वेळी नुसते फोलिक आम्ल घेतले तर पंडुरोग झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. म्हणून मनाने गोळ्या न घेता आधी ब-१२ तपासून घ्यावे.

तक्रारअर्ज फाडल्याने तक्रार मिटत नाही, हे आम्ही कारखान्यांत नित्य पाहिले. वाढलेले होमोसिस्टीन हा शरीराचा तक्रारअर्जच होय. त्यामागची उणीव शोधून भरून काढावी. आणि हृदयासाठी तंबाखू सोडणे, रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे, ही जुनी कामे कोणत्याही गोळीवर सोपवू नयेत.