वारस कोणाला म्हणावे?

पिढीजात विद्या पुढे कोणाच्या हाती सोपवावी, हा प्रश्न ज्या घरात उभा राहतो, तेथे मोठ्यांच्या अपेक्षांचे ओझे लहानांच्या खांद्यावर येते. वू त्यानमिंग यांनी दिग्दर्शित केलेला 'द किंग ऑफ मास्क्स' (१९९६) हा चिनी चित्रपट याच ओझ्याची कथा सांगतो. आपल्याकडे तो फारसा परिचित नाही.

कथा १९३०च्या दशकातील सिचुआन प्रांतात घडते. वृद्ध वांग नावेत राहतो आणि रस्त्यावर 'ब्यान ल्येन', म्हणजे मुखवटे पालटण्याचा खेळ करतो. पापणी लवते न लवते तोच चेहऱ्यावरचा रेशमी मुखवटा बदलतो. त्यामागची क्लृप्ती हीच त्याची सारी पुंजी. ती केवळ मुलालाच द्यावी, असा घराण्याचा दंडक. वांगचा एकुलता मुलगा मात्र हयात नाही. म्हणून तो, गरिबीमुळे जेथे मुले विकली जातात अशा बाजारातून एक नातू विकत घेतो. 'आजोबा' या हाकेने म्हातारा सुखावतो.

हा 'नातू' मुलगी आहे, हे उघड होताच सारे पालटते. तिला मागे ठेवून तो नाव हाकारतो. ती पाण्यात उडी घेते आणि त्यालाच तिला वाचवावे लागते. ती नावेत राहते, पण यापुढे 'आजोबा' म्हणायचे नाही, 'मालक' म्हणायचे. एका शब्दात नात्याची चाकरी होते.

याच समाजात स्त्रीभूमिका करणाऱ्या एका पुरुष नटाला लोक डोक्यावर घेतात, हा विरोधाभास दिग्दर्शकाने न बोलता दाखविला आहे.

पुढे त्या मुलीला पळवून आणलेला एक मुलगा भेटतो. त्याला सोडवून ती वांगच्या नावेत पोहोचविते. म्हाताऱ्याला हवा तो नातू मिळावा, एवढाच तिचा हेतू. परिणामी वांगवर अपहरणाचा आळ येऊन तो तुरुंगात पडतो. त्याच्या सुटकेसाठी ती चिमुरडी भर नाट्यगृहात दोराला लटकून स्वतःचा जीव पणाला लावते. अखेर वांग सुटतो, पुन्हा आजोबा होतो आणि आपली विद्या तिच्याच हाती देतो.

वांगची भूमिका करणारे जू शू आणि बालकलाकार जो रनयिंग यांचा अभिनय मनात घर करून राहतो. व्यापारी घराण्यांनाही वांगचा प्रश्न परका नाही. पेढीवर उद्या कोण बसणार, याचा हिशेब मांडताना घरातील एखादे नाव खात्यावर घ्यायचेच राहून गेले नाही ना, हे कुटुंबाने एकत्र बसून तपासावे. त्यासाठी तरी हा चित्रपट पाहावा.