संगणकातील फुटबॉल आणि खेळाडूची कुवत

फुटबॉल पायाने खेळतात, ही समजूत आता अपुरी ठरली आहे. संगणकावर तो नुसत्या आकड्यांनीही खेळला जातो. 'फुटबॉल मॅनेजर' हा त्यांतला नामांकित खेळ. इंग्लंडातील पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांनी 1992 साली 'चॅम्पियनशिप मॅनेजर' या नावाने त्याचा पाया घातला. आजचे नाव त्याने 2004 मध्ये घेतले. यात चेंडूला लाथ मारायची नसते. क्लबाचा व्यवस्थापक होऊन माणसे निवडायची, शिकवायची, खेळवायची आणि विकायची. आमचा सारा जन्म लोकांच्या नोकऱ्या आणि बढत्या यांच्या भांडणांत गेला. तेव्हा युनियनच्या कचेरीतील पोरांनी हा खेळ दाखवल्यावर आम्हांला त्याची गोडी लागली, यात नवल नाही.

प्रत्येक खेळाडूच्या नावावर दोन आकडे असतात. एक सध्याच्या कुवतीचा, दुसरा संभाव्य कुवतीचा. दोन्ही 1 ते 200 या मापात. पहिला वर-खाली होतो. दुसरा मात्र एकदा डाव मांडला की शेवटपर्यंत हलत नाही. ते घराचे छत समजा. पोरगा तिथवर पोचेल किंवा पोचणारही नाही, पण छत फोडून वर जाणे नाही. अगदी कोवळ्या मुलाबद्दल खात्री नसेल तर उणे आकडा लिहून ठेवतात. उणे 10 म्हणजे 170 ते 200 यांच्या दरम्यान कुठेतरी, आणि नेमके कुठे, हे दर नव्या डावाला चिठ्ठी काढल्यासारखे ठरते.

सध्याची कुवत ही एक पिशवी आहे. वेग, पास, डोक्याने चेंडू मारणे अशा प्रत्येक कसबाला 1 ते 20 असा आकडा असतो, आणि ती कसबे या पिशवीतल्या पैशांनी जणू विकत घ्यावी लागतात. भाव जागेप्रमाणे बदलतो. बचावाच्या माणसाला जागा धरून राहण्याचे कसब महाग पडते, गोल मारण्याचे स्वस्त. दोन्ही पाय सारखे चालत असले तर त्याचेही पैसे कापतात. म्हणून सारख्याच आकड्याचे दोघे खेळाडू मैदानावर सारखे नसतात. जिद्दीचा भाव मात्र या हिशेबात धरत नाहीत, आणि आकडा वाढतो तो बराचसा तिच्याच जोरावर!

तो वाढतो कसा, हा खरा प्रश्न. सरावाच्या सोयी हव्यात, शिकवणारा जाणता हवा. मुलाची शिस्त आणि महत्त्वाकांक्षा हे आकडेही आत दडवलेले असतात. जुन्या, शिस्तीच्या खेळाडूंच्या गटात त्याला बसवले, तर त्यांचे वळण त्याला लागते. पण या सर्वांच्या जोडीला सामने खेळायला मिळाले पाहिजेत. गिरण्यांच्या काळातला बदली कामगार रोज फाटकावर उभा राही. साचा हाती पडला नाही तर हात बसणार कसा? राखीव बाकावरच्या पोराचे तेच होते. म्हणून चतुर व्यवस्थापक त्याला वर्षभर लहान क्लबाकडे उसना देतो. प्रत्यक्षातही हेच चालते. हॅरी केनला टॉटनहॅमने 2011 ते 2013 या काळात लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच आणि लेस्टर असे चार क्लब हिंडवून आणले. 2023 मध्ये तो इंग्लंडसाठी सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला.

गंमत अशी, की हे दोन आकडे व्यवस्थापकाला दिसतच नाहीत. त्याच्यापुढे येतात ते त्याच्या शोधकांनी दिलेले तारे. शोधकाची पारख कच्ची असली की तारेही खोटे. शिवाय ते आपल्याच संघाशी तुलना करून दिलेले असतात. दुबळ्या क्लबातला पाच ताऱ्यांचा गडी बड्या क्लबात दोन ताऱ्यांचा होतो. खेळ रचणाऱ्यांचा हा प्रामाणिकपणा आम्हांला आवडला.

मग छताचा आकडा लिहितो कोण? देशोदेशी हजाराहून अधिक निरीक्षक आहेत. आपापल्या क्लबाचे सामने पाहून ते तो लिहितात. माणसेच ती, चुकणार. 2001-02 च्या आवृत्तीत मिलवॉलचा किशोर चेर्नो साम्बा जगातल्या उत्तम आघाडीवाल्यांपैकी एक होई. प्रत्यक्षात तो प्रीमियर लीगचा एकही सामना खेळला नाही. आणि हे खेळापुरतेच राहत नाही. 2008 साली एव्हर्टन क्लबाने खेळाडू हेरण्यासाठी याच आकड्यांचा भांडार वापरण्याचा करार केला. कागदावरचे छत असे जिवंत पोराच्या डोक्यावर येऊ शकते. एका कारखान्यात शिकाऊ मुलांच्या कागदावर पहिल्याच वर्षी 'हेल्परपुरता' असा शेरा पडलेला आम्ही पाहिला आहे. तो पुसून घ्यायला आम्हांला तीन वर्षे लागली.

जेमी व्हार्डीला शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी काढून टाकले. जायबंदी हातापायांना बांधायचे आधार बनवणाऱ्या कारखान्यात काम करीत तो खालच्या लीगमध्ये खेळत राहिला. 2012 मध्ये, पंचविसाव्या वर्षी, लेस्टरने त्याला घेतले आणि 2016 मध्ये लेस्टर इंग्लंडचे विजेते झाले. त्याच्या सोळाव्या वर्षी कोणत्या निरीक्षकाने त्याच्यापुढे मोठा आकडा लिहिला असता? डावात न हलणारे छत नव्या आवृत्तीत मात्र निरीक्षक पुन्हा लिहितात. पण आधीचा डाव मांडून बसलेल्या व्यवस्थापकाच्या घरी जुनाच आकडा चालू राहतो.