एंजिन रुळविण्याची क्रिया : तिचे घर्षणशास्त्र व तिची रीत

कारखान्यातून नवी बाहेर पडलेली, किंवा सिलिंडरांचे बोअरिंग करून व नव्या कड्या घालून पुन्हा उभी केलेली मोटारगाडी पहिल्या हजार किलोमीटरांत कशी चालवावी, याविषयी दोन परस्परविरोधी मते फार दिवसांपासून प्रचलित आहेत. एका पक्षाच्या मते नव्या एंजिनाला तान्ह्या मुलाप्रमाणे जपावे, त्यावर भार टाकू नये. दुसऱ्या पक्षाच्या मते त्याला पहिल्या दिवसापासून दामटावे, म्हणजे ते जन्मभर जोमदार राहते. दोन्ही पक्ष अनुभवाचा दाखला देतात आणि दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य आहे. तथापि एंजिनाच्या कोणत्या भागाला कशाची गरज आहे, हे पाहिल्याखेरीज या वादाचा निकाल लागणे शक्य नाही.

हा वाद केवळ तात्त्विक नव्हे. कर्ज काढून टॅक्सीचे एंजिन नवे करून घेणाऱ्या मालकाच्या दृष्टीने पहिले काही तास निर्णायक असतात. त्या वेळात कड्या नीट बसल्या नाहीत, तर ते एंजिन पुढे सतत तेल खाते व धूर ओकते. अखेर सर्व खर्च पुन्हा सोसून ते उघडावे लागते.

१. पृष्ठभागाचे स्वरूप

सिलिंडराची नवी भिंत डोळ्यांना गुळगुळीत दिसली, तरी सूक्ष्मदर्शकाखाली ती डोंगरदऱ्यांच्या प्रदेशासारखी असते. होनिंग करताना तिच्यावर मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा पाडलेल्या असतात. या रेषांच्या खाचांत तेल टिकून राहते, आणि खाचांमधील उंचवटे कडीच्या संपर्कात येतात. कडीचा पृष्ठभागही असाच खरखरीत असतो. साहजिकच आरंभी दोन्ही पृष्ठभाग मोजक्या शिखरांवरच एकमेकांस टेकतात. उरलेल्या फटींतून वायू खाली निसटतो व तेल वर चढते.

रुळविणे म्हणजे ही शिखरे नियंत्रित झिजेने सपाट करणे आणि खाचा मात्र शाबूत ठेवणे होय. ॲबट व फायरस्टोन यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या वक्ररेषेच्या साहाय्याने पृष्ठभागाचा किती भाग भार पेलतो, हे मोजता येते. चांगल्या रुळलेल्या सिलिंडराची वक्ररेषा वरच्या बाजूस सपाट व खालच्या बाजूस खोल असते. आधुनिक कारखान्यांत होनिंगच्या अखेरच्या टप्प्यातच शिखरे कापून असे पठार तयार करतात. नव्या गाड्यांना पूर्वीइतका दीर्घ काळ रुळवावे लागत नाही, याचे हे एक प्रमुख कारण आहे. इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात ‘गाडी रुळत आहे, कृपया पुढे जावे’ अशा अर्थाची पाटी मागील काचेवर लावण्याची प्रथा होती. त्या काळचे यंत्रकाम व त्या काळची तेले लक्षात घेता ती सावधगिरी अनाठायी नव्हती.

२. धारवे आणि कड्या यांतील भेद

बोशँप टॉवर यांनी १८८३ मध्ये केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, फिरणारा दांडा स्वतःच्या गतीने धारव्यात तेलाचा दाब निर्माण करतो व त्या तेलावर तरंगतो. ऑस्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८६ मध्ये त्याची गणिती उपपत्ती दिली. पुढे १९०२ मध्ये रिखार्ड स्ट्रिबेक यांनी गती, भार आणि तेलाची श्यानता यांनुसार घर्षण कसे बदलते, ते दाखविले. गती पुरेशी असली की दोन धातूंमध्ये अखंड वंगणपटल तयार होते. गती मंदावली किंवा भार फार वाढला की पटल फाटते आणि धातूस धातू भिडतो.

भुजादंडाचे धारवे एंजिन चालू असताना बहुतेक वेळ अखंड पटलावर असतात. त्यांना झिजवून ‘बसविण्याची’ फारशी आवश्यकता नाही. त्यांना हवे असते ते पहिल्या फेऱ्यापासून पुरेसे व स्वच्छ तेल. कडीची गोष्ट निराळी आहे. दट्ट्या प्रत्येक धावेच्या टोकाशी क्षणभर थांबतो. तेथे गती शून्य असल्याने पटल टिकत नाही. आणि वरच्या टोकाशी तर ज्वलनाचा दाबही त्याच सुमारास सर्वाधिक असतो. म्हणून कडी व भिंत यांची झीज तेथेच सर्वांत जास्त होते. सारांश, जपण्याचा उपदेश धारव्यांना लागू पडतो, तर भार देण्याचा उपदेश कड्यांना.

३. भाराची आवश्यकता

कडी भिंतीवर दाबली जाते ती केवळ तिच्या स्वतःच्या ताणामुळे नव्हे. ज्वलनवायू खोबणीत शिरून कडीच्या पाठीमागे जातो आणि तिला बाहेर रेटतो. कडीच्या अंगच्या ताणामुळे भिंतीवर पडणारा दाब दर चौरस सेंटिमीटरास एकदोन किलोग्रॅम इतकाच असतो. चांगल्या भाराखाली ज्वलनवायूचा दाब मात्र ३० ते ५० किलोग्रॅमपर्यंत जातो. आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या नियमानुसार झीज ही भार व घासण्याचे अंतर यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि कठिनतेच्या व्यस्त प्रमाणात असते. भार नसेल तर अंतर कितीही वाढविले तरी शिखरे कापली जाणार नाहीत, हे यावरून स्पष्ट होईल.

एक उदाहरण घेऊ. मुंबईत २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमिअर पद्मिनीचे मूळ १,०८९ घन सेंटिमीटरांचे एंजिन कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. त्याचा सिलिंडर-व्यास ६८ मिलिमीटर व धाव ७५ मिलिमीटर होती. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात दट्ट्या १५ सेंटिमीटर घासतो. हे एंजिन मिनिटास ८०० फेऱ्यांनी तासभर जागच्या जागी चालू ठेवले, तर ४८,००० फेरे होतात व प्रत्येक दट्ट्या ७.२ किलोमीटर घासला जातो. परंतु हे सारे घासणे अत्यल्प दाबाखाली होते. कडी बसत नाही, आणि निसटणारा उष्ण वायू भिंतीवरील तेल जाळून त्याचा चिवट, चकचकीत थर खाचांत बसवितो. कारागीर याला भिंतीला चकाकी आली असे म्हणतात. एकदा हा थर बसला की मागाहून भार देऊनही फारसा उपयोग होत नाही. पुन्हा होनिंग करणे हाच उपाय उरतो. दीर्घकाळ अल्प भारावर चालविलेल्या डिझेल जनित्रांतही हाच दोष आढळतो.

याउलट आरंभीच अतिभार दिला, तर मोजक्या शिखरांवर इतकी उष्णता निर्माण होते की धातू क्षणभर एकमेकांस चिकटतात व भिंतीवर उभे ओरखडे उठतात. म्हणून योग्य मार्ग मधला आहे : भार पुरेसा, परंतु थोड्या वेळापुरता, आणि त्यानंतर विसावा. शिखरे सपाट होत गेली की संपर्काचे क्षेत्रफळ वाढते, स्थानिक दाब घटतो व झीज आपोआप मंदावते. ही क्रिया स्वयंनियंत्रित आहे आणि तिचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच पुरा होतो.

विमानांच्या हवाशीतित दट्ट्या-एंजिनांचा अनुभव या विवेचनास पुष्टी देतो. लायकॉमिंगसारखे निर्माते नव्या सिलिंडरांसाठी ६५ ते ७५ टक्के शक्तीवर उड्डाण करण्यास सांगतात, आणि तेलाचा खप स्थिर होईपर्यंत साधे खनिज तेल वापरण्याचा सल्ला देतात.

४. व्यवहारातील रीत

पुन्हा उभारलेल्या एंजिनाच्या बाबतीत पहिली अट स्वच्छतेची आहे. होनिंगनंतर खाचांत अपघर्षकाचे कण राहतात. ते पेट्रोलने किंवा रॉकेलने नीट निघत नाहीत. गरम पाणी, साबण व ब्रश यांनीच सिलिंडर धुवावा लागतो, आणि तेल लावलेले पांढरे फडके पुसल्यावर पांढरेच राहीपर्यंत पुसावा लागतो. दुसरी अट तेलाच्या दाबाची. स्पार्क-प्लग काढून एंजिन स्टार्टरने फिरवावे व दाबमापकावर दाब दिसल्यावरच ते सुरू करावे.

सपाट टॅपेटांचा जुना कॅमदंड नवीन बसविला असेल, तर एंजिन सुरू होताच ते मिनिटास २,००० ते २,५०० फेऱ्यांवर सुमारे २० मिनिटे चालवितात. कॅमांना मुख्यतः उडणारे तेल मिळत असल्याने मंद गतीत ते कोरडे पडण्याचा धोका असतो. रोलर असलेल्या एंजिनांना याची गरज नाही.

यानंतर गाडी रस्त्यावर न्यावी. एंजिन पुरते तापल्यावर मधल्या गिअरात ताशी ४० किलोमीटरांपासून ७० पर्यंत अर्धा ते पाऊण ॲक्सिलरेटर देऊन वेग वाढवावा, आणि मग पाय काढून गाडी गिअरातच मंदावू द्यावी. वेग वाढविताना कड्या भिंतीवर दाबल्या जातात. मंदावताना सिलिंडरात निर्वात निर्माण होऊन भिंतीवर तेल खेचले जाते व भिंत थंड होते. असे दहाबारा वेळा करावे. पुढील हजार किलोमीटरांत एकाच वेगाने दीर्घकाळ जाणे, वरच्या गिअरात एंजिन धापा टाकीपर्यंत ओढणे, कमाल फेऱ्यांपर्यंत नेणे आणि मागे जड गाडी बांधणे ही चारही टाळावीत. पुन्हा उभारलेल्या एंजिनाचे तेल व गाळणी पहिल्या काहीशे किलोमीटरांनंतर बदलणे हितावह असते, कारण कापलेल्या शिखरांचा चुरा तेलातच उतरतो.

नव्या गाडीच्या बाबतीत मात्र निर्मात्याच्या पुस्तिकेस प्राधान्य द्यावे. काही निर्माते पहिले तेल मुदतीपूर्वी बदलू नये असे स्पष्ट सांगतात. अनेक गाड्यांत कारखान्यातूनच संश्लेषित तेल भरलेले असते. त्यामुळे अशा तेलाने कड्या कधीच बसत नाहीत, ही समजूत सरसकट खरी मानता येत नाही.

५. परीक्षा

एंजिन रुळले किंवा नाही, हे किलोमीटरांच्या आकड्यावरून ठरवू नये. तेलाचा खप कमी होऊन स्थिर झाला, सर्व सिलिंडरांतील संपीडनदाब एकमेकांच्या जवळ आला, आणि तेलपात्रातून बाहेर पडणारा वायू घटला, ही त्याची लक्षणे होत. तोपर्यंत दर काही दिवसांनी तेलाची पट्टी काढून पातळी पाहणे व तिची नोंद ठेवणे, एवढे काम मालकाला स्वतःच करता येते. आणि एंजिन बिघडण्याच्या मार्गावर असेल, तर त्याची पहिली सूचनाही याच नोंदीतून मिळते.