कुंपण उपटण्याआधी

भेस्तान, उधना, पांडेसरा या सुरतच्या दक्षिण भागात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी माणसं मोठ्या संख्येनं राहतात. रो-हाउस घेतलं की दारापुढच्या हातभर जागेत मेंदी, मधुकामिनी नाहीतर कोयनेलचं कुंपण लागतं. काही वर्षांनी त्याचा शेंडा तेवढा हिरवा राहतो आणि खाली नुसत्या काटक्या दिसू लागतात. मग कुणीतरी सुचवतं, ‘हे उपटा आणि कोनोकार्पस लावा, झटपट वाढतं.’ हा सल्ला ऐकू नये. परागकणांमुळे होणारा श्वासाचा त्रास आणि जमिनीखालच्या वाहिन्यांत शिरणारी मुळं, ही कारणं देऊन गुजरात सरकारनं सप्टेंबर २०२३ मध्ये कोनोकार्पसच्या लागवडीवर बंदी घातली. शिवाय मेलं असं वाटणारं जुनं कुंपण पुष्कळदा जिवंत असतं.

ते जिवंत आहे का, हे कळायला नख पुरतं. बुंध्याजवळच्या फांदीची साल अंगठ्याच्या नखानं किंचित खरवडायची. खाली ओलसर हिरवं दिसलं तर फांदीत जीव आहे. तपकिरी, कोरडं दिसलं आणि वाकवताच फांदी कट्कन मोडली, तर ती गेली. वरून खाली येत अशी चारपाच ठिकाणी तपासणी केली, की मर नेमकी कुठवर आली आहे ते समजतं.

खालचा भाग उघडा पडतो तो बहुधा कात्रीच्या सवयीमुळे. माळी दर वेळी वरचा शेंडा सपाट करतो आणि बाजू तशाच सोडतो. शेंडा छाटला की त्याच्या लगतचे डोळे फुटतात, वर दाट छत्री होते, तिच्या सावलीत खालची पानं गळतात. कुंपण पायाशी रुंद आणि वर निमुळतं ठेवलं तर खालपर्यंत ऊन पोचतं. एवढी एक गोष्ट पाळली तरी अर्धं दुखणं टळतं.

उरलेलं दुखणं या जागेचं आहे. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात. पावसाळ्यात तीच माती पाणी धरून ठेवते आणि मुळं गुदमरतात. त्यात बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात. निदान वीतभर पट्टी मोकळी करून घ्यावी. सुरत परिसरात पुष्कळ ठिकाणी बोअरचं पाणी मचूळ आहे. पानांच्या कडा करपू लागल्या तर संशय आधी पाण्यावर घ्यावा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे बहुधा लोह कमी पडल्याचं लक्षण; जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्राची चणचण. रस्त्याची, बॉयलरची धूळ पानांवर साचली की उन्हाळ्यात लाल कोळी वाढतो. त्यावर औषधापेक्षा सकाळी पाइपानं पानं खालूनवरून धुणं जास्त लागू पडतं. जास्वंदीच्या कुंपणावर पांढरा कापूस दिसला तर तो मिलीबग. कपाशीवर तो पाहिलेल्या खान्देशी शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. तिथं मुंग्यांची रांगही बघावी, कारण त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात.

आता छाटणी. इथं हात आखडून चालत नाही. मेंदी, मधुकामिनी, कोयनेल, तगर, जास्वंद ही सगळी जुन्या लाकडातून फुटतात. उसाचा खोडवा जसा बुडख्यातून उठतो तशी. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या सोजतला मेंदीची शेती होते. तिथं दर हंगामात झुडूप जमिनीलगत कापतात आणि तीच झुडपं वर्षानुवर्षं पीक देत राहतात. त्यामुळे मेंदी गुडघ्याइतकी खाली आणायला घाबरू नये. मात्र एप्रिल-मेमध्ये हे करायचं नाही, उघडी पडलेली साल उन्हानं भाजते. जूनअखेर, पाऊस लागल्यावर कात्री चालवावी. कुंपण फारच अशक्त असेल तर यंदा एक बाजू आणि पुढच्या वर्षी दुसरी, म्हणजे अन्न तयार करायला काही पानं उरतात.

छाटल्या छाटल्या युरिया टाकायचा मोह होतो, तो टाळावा. मुळं दुबळी असताना खताचे क्षार सोसत नाहीत आणि युरियानं सुटणारी लुसलुशीत पालवी रसशोषक किडीला आवडते. बोटभर फूट दिसल्यावर कुजलेलं शेणखत द्यावं, वर दोन-तीन इंच पालापाचोळा पसरावा, पण बुंध्याला चिकटवू नये. नवे कोंब वीतभर झाले की त्यांचे शेंडे खुडत राहावे, तरच बाजूच्या फुटी निघतात.

अपवाद मोरपंखीचा. तिची हिरवी पानं संपून तपकिरी लाकूड जिथं सुरू होतं, त्याच्या आत कापलं तर सहसा पुन्हा फुटत नाही. तिथं वाळलेलं तेवढंच काढावं आणि मुळांशी पाणी साचू देऊ नये.

एखादं झुडूप खरंच गेलं असेल, तर त्या फटीत रोप लावून फार उपयोग होत नाही. दोन्हीकडची जुनी मुळं त्याला पाणी मिळू देत नाहीत. कोयनेल, तगर किंवा जास्वंद असेल तर शेजारची खालची फांदी वाकवून, तिची साल थोडी खरवडून, ऐन पावसात मातीत दाबावी आणि वर दगड ठेवावा. मुळं धरेपर्यंत तिला आईच्या बुंध्यापासून तोडू नये.